आम्ही भांडतच नाही!

सुशिक्षित माणसं भांडत नाहीत. ती 'डिस्कस' करतात. जरा तापली तर 'आर्ग्यू' करतात, फारच पेटली तर 'डिबेट' करतात, आणि एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली की त्यांच्यात 'डिफरन्स ऑफ ओपिनियन' असतो. भांडतात ती चाळीतली, नळावरची, बसच्या रांगेतली माणसं. स्वतःच्या मालकीच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलं की माणसाचं भांडण सुटतं. काही लोकांची तंबाखू सुटते ना, तसं. म्हणजे चारचौघांत सुटतं.

हा सुटण्याचा क्षण ओळखायला फार सोपा असतो. दोन मराठी माणसं मराठीतच बोलत असतात. आवाज चढत जातो. 'अहो'चं 'अहो साहेब' होतं, 'अहो साहेब'चं 'ओ मिस्टर' होतं, आणि मग कुकरची तिसरी शिटी व्हावी तसा एकाच्या तोंडून फवारा येतो: 'प्लीज माइंड युवर लँग्वेज!' इथे भांडण संपलं असं तुम्ही आम्ही समजायचं. यापुढे जे काही चालेल ते डिस्कशन. हातवारे तेच, डोळे तसेच वटारलेले, घशाच्या शिरा तितक्याच फुगलेल्या; पण भाषा बदलली, तेव्हा प्रकार सभ्य झाला.

माझं भांडण (होय, भांडणच) या समजुतीशी आहे. इंग्रजीशी माझं काही वाकडं नाही. तिनं मला तीस वर्षं नोकरीत पोसलं आहे. पण इंग्रजी शब्द म्हणजे धुण्याची पावडर, त्यात बुडवून काढलं की आपल्या भांडणाचे डाग जातात, असं जे आपण धरून चाललो आहोत ना, ते काही खरं नाही. कारण त्या पावडरीचा डबा उघडून बघितला तर आत काय निघतं? दांडके, हातोडे आणि पिरगळलेली मनगटं.

'डिबेट' हाच शब्द घ्या. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन डिबेटची ढाल जिंकून आलेले. ती ढाल अजून त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलेली आहे. चांगलं बोलल्याबद्दल माणसाला ढाल का देतात, हे कोडं मला लहानपणापासून होतं. एखादी फुलदाणी द्यावी, पेन द्यावं. पण ज्यानं कोणी हे बक्षीस ठरवलं त्याला व्युत्पत्ती ठाऊक असावी. 'डिबेट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात 'बात्र' म्हणजे मारणं, बडवणं आहे. लॅटिनमधलं मूळही तेच. 'बॅटल' त्याचा सख्खा भाऊ, 'कॉम्बॅट' चुलतभाऊ. फार काय, आपल्या टॉर्चमधली बॅटरीसुद्धा याच मारकुट्या घराण्यातली. तोफांच्या ओळीला बॅटरी म्हणत; त्यावरून अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या बरण्यांच्या ओळीला ते नाव दिलं. तेव्हा डिबेटला निघालेल्या माणसाला ढाल द्यायचीच तर ती आधी द्यायला हवी, नंतर नव्हे.

'डिस्कस' तर त्याहून भयंकर. हा शब्द तोंडात आला की माणूस कसा चष्मा पुसून बसल्यासारखा दिसतो! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे आपटून, हादरवून तुकडे करणं. डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध पडला की डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. तबला-ढोलकीसारख्या बडवायच्या वाद्यांना 'पर्कशन' म्हणतात. त्यांच्याच शेजारी 'डिस्कशन' बसलेलं असतं. तेव्हा 'आपण शांतपणे डिस्कस करू' याचा मूळ अर्थ 'आपण शांतपणे फोडाफोडी करू' असा होतो. नवरा-बायकोंच्या बाबतीत हा अर्थ बशीपर्यंत जातोही.

इथे एखादा जाणकार वाचक मला थांबवील. म्हणेल, 'अहो, शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे. इंग्रजीत "नाइस" म्हणजे एके काळी अडाणी, मूर्ख असा अर्थ होता. म्हणून आज कोणी तुम्हाला नाइस म्हटलं तर तुम्ही त्याच्या अंगावर धावून जाणार का?' मुद्दा रास्त आहे, आणि नाही, मी धावून जाणार नाही. डिबेट म्हटल्यावर कोणी कोणाला बडवत नाही हे मलाही दिसतं. पण ते बडवणं बंद कसं झालं, ते बघा. शब्द आपोआप सोवळा झाला नाही. माणसांनी कष्ट करून त्याच्याभोवती नियमांचं कुंपण घातलं. लंडनच्या कॉमन्स सभागृहात समोरासमोरच्या बाकांपुढे जमिनीवर दोन लाल रेघा आहेत. दोघांच्या तलवारी एकमेकींना लागू नयेत एवढं अंतर मध्ये ठेवलं आहे, असं परंपरेनं सांगतात. रेघ ओलांडून बोलायचं नाही. समोरच्याला थेट 'तुम्ही' म्हणायचं नाही. जे काय असेल ते सभापतींना उद्देशून. सभ्यता आली ती त्या रेघेतून. आपण रेघ आणली नाही, शब्द तेवढा आणला. आपल्याकडे रात्री नऊ वाजता टीव्हीवर जी 'डिबेट' चालते ती पाहून तो जुना फ्रेंच अर्थ सुखरूप परत आल्याची खात्री पटते.

इंग्रजीत डब्ल्यू आणि आर जोडीनं सुरू होणारी एक वस्ती आहे. त्यातला डब्ल्यू एके काळी बोलायचा. आता नुसता दाराशी बसलेला असतो, घरातल्या निवृत्त काकांसारखा. त्याला कोणी उच्चारत नाही, पण काढूनही टाकत नाही. या वस्तीत कुठल्याही घरी जा, काहीतरी पिळलेलं सापडतं. 'रिंग' म्हणजे कपडे पिळणं, 'रेंच' म्हणजे पिरगळायचा पाना, 'रीथ' म्हणजे वळून केलेलं फुलांचं चक्र, 'रिस्ट' म्हणजे वळणारं मनगट. 'रेसल', म्हणजे कुस्ती खेळणं, हेही इथलंच: मूळ अर्थ पुन्हा पुन्हा पिळणं, मुरगळणं. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत उतरलेल्या कुठल्याही पैलवानाला हे कोशात बघावं लागणार नाही. 'राथ' म्हणजे क्रोध, पिळवटून निघालेलं मन. आणि 'राँग', म्हणजे चूक, हा शब्दही मुळात 'वाकडा' याच अर्थाचा. (उलट 'राइट' म्हणजे सरळ, तो आपल्या 'ऋजु'चा लांबचा नातेवाईक.) सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. इंग्रजांनी डब्ल्यूचा उच्चार जाळला, पण स्पेलिंगमधला पीळ तसाच ठेवला.

याच वस्तीत 'रँगल' राहतो. रँगल म्हणजे कचाकचा भांडणं. आणि रँगलर म्हणजे भांडखोर. आता हा शब्द ऐकल्यावर आपल्याकडच्या जुन्या पिढीतला माणूस भांडखोर म्हणायचं सोडून एकदम उठून उभा राहतो आणि हात जोडतो, त्याचं कारण रँग्लर परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणखी एका विद्यार्थ्याबरोबर विभागून, आणि सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, आणि महाराष्ट्रानं त्यांच्या नावाआधी रँग्लर हा शब्द असा चिकटवला की जणू बारशालाच ठेवला होता. सीनियर रँग्लर, म्हणजे अक्षरशः ज्येष्ठ भांडखोर! कारण केंब्रिजमध्ये जुन्या काळी परीक्षा तोंडी असे. उमेदवारानं एक विधान मांडायचं, दुसऱ्यांनी लॅटिनमध्ये त्यावर तुटून पडायचं. जो उत्तम भांडला तो उत्तीर्ण. परीक्षेचं नाव 'ट्रायपॉस', तेही तीन पायांच्या स्टुलावरून पडलं. पदवीदानाच्या समारंभात एक पदवीधर तिपाई स्टुलावर बसून सगळ्यांशी चेष्टेखोर वाद घालायचा, त्याचं ते स्टूल. अठराव्या शतकात लेखी परीक्षा पुढे आली, भांडण मागे पडलं, पण पहिल्या वर्गात येणाऱ्याला आजही तिथे रँग्लर म्हणतात.

हे स्टूल जरा लक्षात ठेवा. कारण त्याच देशात आणखी एक स्टूल होतं.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' नावाचा एक गुन्हा होता. स्कोल्ड म्हणजे रागावणं, कडाकडा बोलणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वारंवार भांडून शांतता बिघडवणारी व्यक्ती ती कॉमन स्कोल्ड. आणि व्यवहारात ही व्यक्ती म्हणजे बाईच. शिक्षा काय? तर एका लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची बांधायची, तिच्यावर त्या बाईला बसवायचं आणि गावच्या तळ्यात बुचकळायचं. त्या खुर्चीचं नाव 'डकिंग स्टूल'. लेम्स्टर नावाच्या गावात १८०९ साली हा प्रकार झाल्याची नोंद आहे. आणि हा गुन्हा कायद्यातून रीतसर निघाला कधी? १९६७ साली! त्याच्या दोन वर्षांनंतर माणूस चंद्रावर उतरला. गंमत अशी की 'स्कोल्ड' या शब्दाचं मूळ बहुतेक कोशकार 'स्काल्ड' या जुन्या नॉर्स शब्दाशी जोडतात. स्काल्ड म्हणजे कवी. तिकडचे कवी निंदेची कवनं फार झोंबरी रचत म्हणे. म्हणजे तोंडाळपणा पुरुषानं केला तर काव्य, आणि बाईनं केला तर तळं.

केंब्रिजलाही बायकांना हे भोवलंच. १८९० साली फिलिपा फॉसेट नावाच्या विद्यार्थिनीनं गणिताच्या त्याच परीक्षेत सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण मिळवले. पण बायकांना क्रमांक देण्याची सोय नव्हती. म्हणून यादी वाचताना 'सीनियर रँग्लरच्या वर' असं जाहीर केलं. वर, पण रँग्लर नव्हे! भांडखोर ही पदवीसुद्धा बाईला द्यायची नाही, आणि गावात भांडली तर मात्र तीच पदवी देऊन तळ्यात बुडवायचं. तेव्हा एकाच क्रियेला 'डिबेट' म्हणायचं की 'भांडण', हे क्रियेवर नव्हे तर करणारा कुठल्या स्टुलावर बसला आहे त्यावर ठरतं, हे मी आमच्या अध्यक्षांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, 'इंटरेस्टिंग. आपण हे कधीतरी डिस्कस करू.'

आपणही काही वेगळे नाही. 'भांडकुदळ' हे विशेषण तुम्ही कुठल्या पुरुषाला लावलेलं शेवटचं कधी ऐकलंत? पुरुष बाणेदार असतो, स्पष्टवक्ता असतो, फार तर फटकळ असतो. त्यानं ऑफिसात फाइल आपटली तर तो तत्त्वाचा माणूस. बाईनं स्वयंपाकघरात पातेलं आपटलं तर शेजारी खिडकी बंद करतात.

आता 'स्ट्रगल'बद्दल थोडंसं. या शब्दाचे आईबाप कोण ते भल्याभल्या कोशकारांनाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत अचानक उगवला. कुठून आला, कोणाचा कोण, पत्ता नाही. अंधेरीला कुठल्याशा गाडीतून बॅग घेऊन उतरणाऱ्या पोराला आपण 'स्ट्रगलर' म्हणतो ते म्हणूनच मला फार समर्पक वाटतं. पण डार्विनच्या पुस्तकातलं 'स्ट्रगल' मराठीत आणताना आपल्या जुन्या लेखकांनी काय केलं होतं? 'जीवनकलह' म्हटलं. कलह! केवढा जिवंत शब्द. दोन भावांचा, दोन झाडांचा, दोन जावांचा, सगळ्यांचा होऊ शकतो. आणि आज? आज 'संघर्ष'. पाण्यासाठी संघर्ष, पदासाठी संघर्ष, शेतकऱ्याचा संघर्ष, नटीचा वजनाशी संघर्ष. सहा इंग्रजी शब्द मराठी बातमीत शिरले की एकच संघर्ष होऊन बाहेर पडतात, पिठाच्या गिरणीत गहू, ज्वारी, बाजरी घालावी आणि खाली मैदाच पडावा तसे. वास्तविक संघर्ष म्हणजे काय? घासणं. घर्षण त्यातलंच. आणि 'चर्चा'च्या कुळात लेप लावणं आहे, 'चंदनचर्चित' आठवा. आधी सहाणेवर संघर्ष करायचा, मग कपाळाला चर्चा करायची. यात शेतकरी कुठे आला?

मराठीला असल्या दळणाची गरज नव्हती हो. आमची आत्या वाड्यात राहायची. सहा बिऱ्हाडांत एक नळ. तिला कोणी 'काय भांडण झालं?' असं विचारलं तर ती आधी प्रश्न दुरुस्त करायची. 'भांडण नाही झालं. कुरबुर होती, धुसफूस झाली, मग शब्दाला शब्द लागला, बाचाबाची झाली. हमरीतुमरीवर आली ती धाकटी. मी फक्त खडसावलं.' तापमापकावरचे अंश वाचावेत तशी वाचायची. खटका, तंटा, कज्जा, हुज्जत, बखेडा, वादंग, खडाजंगी, रणकंदन. झटापट, झोंबाझोंबी, गुद्दागुद्दी. प्रत्येकाचं वजन वेगळं, प्रत्येकाचा शेवट वेगळा. कुरबुरीला दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर मागून उतारा पडतो. कज्ज्याला वकील लागतो. ज्या पोराला हे सगळं एकाच 'फाइट'मध्ये भरायला शिकवलंय, त्याला आपण नेमके कितव्या अंशावर आहोत ते कळणार कसं? तो थेट नव्व्याण्णववरच पोचतो.

आणि नळ म्हणाल तर इंग्रजीतला 'रायव्हल' तिथलाच. लॅटिनमध्ये 'रिवस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी भरणारे दोघं ते रायव्हल. रोमन लोकांना आमच्या आत्याचा वाडा न बघता हे कळलं होतं. बाकी 'कन्टेन्ड' म्हणजे मिळून ताणणं, 'कन्टेस्ट' म्हणजे मिळून साक्षीदार बोलावणं, 'कम्पीट' म्हणजे मिळून एकच गोष्ट शोधणं. या सगळ्यांच्या तोंडाशी ते 'मिळून' आहे, कारण टाळी एका हातानं वाजत नाही. एवढं सांगून ही मंडळी इथेच सोडतो.

एक शब्द मात्र या सगळ्या दांडगाईत निराळा निघाला, आणि नेमका त्यालाच आपण घरात बंदी केली आहे. 'आर्ग्यू'. मूळ लॅटिन अर्थ, स्पष्ट करणं, उजळून दाखवणं. शुभ्र, लखलखीत अशा अर्थाचं ते मूळ. चांदीला लॅटिनमध्ये त्याच मुळाचा शब्द आहे, आणि आपल्याकडचे 'रजत' आणि 'अर्जुन' त्याच घरचे. अर्जुन! कुरुक्षेत्रावर रथ मध्ये उभा करून जो माणूस आधी आपल्या शंका नीट मांडतो, त्याच्या नावाशी या क्रियापदाचं नातं असावं, हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, पण मला आवडतो. आता विचार करा, जेवणाच्या टेबलावर बाप पोराला गरजतो, 'डोंट आर्ग्यू!' म्हणजे मूळ अर्थानं काय? 'खबरदार, काही स्पष्ट केलंस तर!' श्रीकृष्णानं एवढंच म्हटलं असतं तर केवढे कागद वाचले असते.

'डिस्प्यूट'ही असाच गरीब. त्यातल्या लॅटिन धातूचा अर्थ आधी झाडाची छाटणी करणं, साफ करणं, आणि मग हिशेब करणं. 'कम्प्यूटर' त्यातूनच, आणि हातपाय कापण्याचं 'अँप्युटेशन'ही त्यातूनच. डिस्प्यूट म्हणजे दोघांनी वेगवेगळा हिशेब मांडणं; फांद्या छाटून मूळ आकडा कुणाचा बरोबर ते बघणं. आपल्याकडे सभेत याच्या नेमकं उलट चालतं. आपण फाटे फोडतो. विषय पाण्याच्या टाकीचा असतो आणि बोलणं गणपतीच्या वर्गणीवरून पार्किंगवर जातं.

हे भेद आपल्या पूर्वजांना कळत नव्हते असंही नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत तीन प्रकार स्वच्छ सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी बोलणं तो वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छल वगैरे सगळी हत्यारं वापरून बोलणं तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत बसणं ती वितंडा. यातली वितंडा आपण व्यवस्थित सांभाळून ठेवली आहे. जल्पही उदंड आहे, फक्त त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

आता ज्या शब्दासाठी मी एवढं पुराण लावलं तो: 'क्वॉरल'. आमच्या अध्यक्षांच्या मते सगळ्यांत हलका, अडाणी शब्द. 'वी आर नॉट हिअर टु क्वॉरल,' हे त्यांचं प्रत्येक सभेतलं नांदीचं वाक्य. तर क्वॉरल येतो लॅटिन 'क्वेरेला'वरून, आणि क्वेरेला म्हणजे तक्रार, गाऱ्हाणं. त्यात मारणं नाही, फोडणं नाही, पिरगळणं नाही. कोणाचं तरी काहीतरी दुखतंय, आणि तो ते सांगतोय. बस. आणि आपला 'तक्रार' हा शब्द अरबी. त्याचा तिकडचा अर्थ, पुन्हा पुन्हा सांगणं. 'हुज्जत' तिकडे पुरावा, युक्तिवाद या अर्थी. तिन्ही शब्द एका ओळीत ठेवले की भांडणाचा सगळा जन्म डोळ्यांपुढे येतो: दुखतं म्हणून माणूस सांगतो, कोणी ऐकत नाही म्हणून पुन्हा सांगतो, तरी ऐकत नाहीत म्हणून पुरावा काढतो. आणि तेव्हा आपण म्हणतो, 'काय हुज्जत घालताय!'

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. एकट्या असतात. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी गळायचं. वरचा ब्लॉक अध्यक्षांचा. बाईंनी अर्ज दिला. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली: 'विषय क्रमांक चारवर सविस्तर चर्चा झाली.' पुढच्या वर्षी पुन्हा: 'सविस्तर चर्चा झाली.' त्याच्या पुढच्या वर्षी सविस्तर गेलं, नुसती चर्चा राहिली. डिस्कशनचा अर्थ फोडाफोडी असं मी वर सांगितलं, पण या तीन वर्षांत फुटलं ते फक्त बाईंचं प्लास्टर. त्याचा एक पोपडा एकदा त्यांच्या खांद्यावर पडला. चार बोटांवरून डोकं वाचलं.

चौथ्या सभेला बाई वही घेऊन आल्या. चाळीस मुलांच्या वर्गाला पुरायचा तो आवाज, त्यांनी तो काढला. कुठल्या महिन्यात किती बादल्या पाणी गळलं, वरच्या नळाला पाणी असतं तेव्हा किती आणि नसतं तेव्हा किती, सगळं तारखांसकट वाचलं. लॅटिनमधल्या कुठल्याही अर्थानं घ्या, ते उजळून दाखवणं होतं आणि हिशेब मांडणंही होतं. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, 'बाई फार भांडकुदळ आहेत हो.' अध्यक्ष उभे राहिले. चेहरा डिबेटच्या ढालीसारखा. म्हणाले, 'बाई, प्लीज, डोंट फाइट. आपण सिव्हिलाइज्ड माणसं आहोत. शांतपणे डिस्कस करू.'

बाई म्हणाल्या, 'साहेब, तीन वर्षं तुम्ही डिस्कस केलंत. आता जरा माझ्याशी भांडा. डिस्कशनमध्ये चहा दिला की भागतं. भांडणात उत्तर द्यावं लागतं.'

सभेत अशी शांतता मी त्याआधी फक्त हिशेब मंजूर करतेवेळी ऐकली होती. मग कोणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढू लागलं, तर बाईंनी त्याला बोटानं खाली बसवलं. फाटा फुटू दिला नाही. अध्यक्ष आधी इंग्रजीत बोलले, मग इंग्रजी-मराठीत, आणि शेवटी, अंगावरचा कोट काढून ठेवावा तसं सगळं इंग्रजी काढून ठेवून, कोकणातल्या आपल्या गावच्या मराठीत कडाडून भांडले. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत आम्हाला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या न्हाणीघरातल्या नव्या फरशा मोडायला लागतील या भीतीनं ते प्लंबरला बोलवतच नव्हते.

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. फरशी एकच काढावी लागली. आतला सांधा गेला होता. दीड तासाचं काम.

महिन्याभरानं इतिवृत्त टाइप होऊन सगळ्यांच्या सहीसाठी फिरलं. 'विषय क्रमांक चार सामोपचाराने मिटवण्यात आला.' बाईंनी सही केली. त्याआधी पर्समधून लाल पेन काढून 'सामोपचाराने' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भांडून'.